मोटारीचे मागील ड्रमब्रेक : घरच्या घरी बदल व जुळणी

दिवाडी किंवा चोडण बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटीवर मोटार चढली की चालक इंजिन बंद करतो आणि हँडब्रेक ओढतो. पुढील काही मिनिटे मांडवीच्या पात्रात बोट हेलकावत असताना मोटारीला जागच्या जागी धरून ठेवण्याचा भार बहुतेक छोट्या मोटारींच्या बाबतीत मागील दोन चाकांतील ड्रमब्रेकवर असतो. पणजीत आल्तिनोच्या चढावर उभी केलेली मोटार, चोर्ला घाटात वाहनांच्या रांगेत अडकलेली मोटार, याच दोन ड्रमांवर विसंबून असते. असे असूनही मोटारीच्या सर्व भागांत ज्याची सर्वांत अधिक उपेक्षा होते, असा भाग हाच होय.

या उपेक्षेचे मूळ यंत्ररचनेतच आहे. धावत्या मोटारीचा ब्रेक दाबला की तिचे वजन पुढे झुकते. मागील चाके हलकी होतात व थांबविण्याचे बरेचसे काम पुढील चाकांचे ब्रेक करतात. पुढचे ब्रेक झिजले तर चालकाला ते लगेच जाणवते. आवाज येतो, थांबण्याचे अंतर वाढते. मागचे ब्रेक मात्र हळूहळू, बंद डब्यात, कोणाच्या दृष्टीस न पडता झिजतात. पायातील पेडल थोडे अधिक खाली जाऊ लागते आणि चालकाचा पायही त्या बदलाला नकळत सरावतो. मग एके दिवशी चढावर हँडब्रेक ओढूनही मोटार इंच-इंच मागे सरकू लागते, तेव्हा मागील ब्रेकची आठवण होते.

केंद्रीय मोटारवाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ नुसार मोटारीस पायाने चालवावयाचा ब्रेक आणि वाहन उभे असतानाचा ब्रेक अशा दोन स्वतंत्र व कार्यक्षम यंत्रणा असाव्या लागतात. त्यांपैकी पहिली तेलाच्या दाबाने चालते व दुसरी पोलादी केबलने. परंतु मागील चाकांत ड्रम असलेल्या सर्वसामान्य मोटारीत या दोन्ही यंत्रणा शेवटी ज्या ब्रेक-शूला ढकलतात ते शू एकच असतात. शू झिजले की दोन्ही यंत्रणा एकाच वेळी दुबळ्या होतात. जुळणीचा योग्य क्रम कोणता, हा प्रश्न यातूनच उद्भवतो आणि बहुतेक चुका तेथेच होतात.

ड्रमच्या आत काय असते

ड्रमब्रेकची कल्पना जुनी आहे. आजच्या स्वरूपातील ड्रमब्रेकचे श्रेय १९०२ साली फ्रान्समधील लुई रेनॉ यांना दिले जाते. ॲम्बॅसॅडर व प्रीमियर पद्मिनी यांच्या काळात चारही चाकांना ड्रम असत. पुढे छोट्या मोटारींत पुढील चाकांना डिस्क व मागील चाकांना ड्रम ही जोडी रूढ झाली. ड्रम स्वस्त पडतो आणि त्याला हँडब्रेक जोडणे सोपे जाते, हे त्यामागचे व्यावहारिक कारण आहे.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची खोलगट परात. तिच्या आत, न फिरणाऱ्या एका पोलादी पाटीवर, चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू समोरासमोर बसविलेले असतात. शूच्या बाहेरील अंगावर घर्षणकारी अस्तर असते. गॅरेजमध्ये त्याला लायनर म्हणतात. शूंच्या वरच्या टोकांमध्ये छोटा व्हील-सिलिंडर असतो. पेडल दाबले की तेलाच्या दाबाने त्यातील दोन्ही पिस्टन बाहेर सरकतात, शू फाकतात आणि लायनर ड्रमच्या आतील भिंतीवर घासतात. पाय काढला की स्प्रिंगा शूंना परत ओढून घेतात. दोन्ही शूंमध्ये एक आडवी दांडी असते आणि तिच्यावर जुळणीचे दातेरी चाक असते. मागच्या शूला एक लहान तरफ जोडलेली असून हँडब्रेकची केबल त्या तरफेला ओढते.

दोन शूंपैकी एक शू ड्रमच्या फिरण्याच्या दिशेने ओढला जाऊन आपोआप अधिक घट्ट दाबला जातो, तर दुसऱ्याला ड्रम मागे लोटतो. त्यामुळे पहिल्या शूचा लायनर सामान्यतः अधिक झिजलेला आढळतो. दोन शूंची झीज असमान दिसली म्हणून लगेच बिघाडाची शंका घेण्याचे कारण नाही. मात्र डाव्या व उजव्या चाकांच्या झिजेत मोठी तफावत असेल तर ती लक्षण म्हणून गंभीरपणे घ्यावी. एका बाजूचा पिस्टन अडकलेला असणे किंवा केबल गंजणे, यांपैकी काहीतरी त्यामागे असू शकते.

या छोट्याशा डब्यावर पडणाऱ्या भाराची कल्पना येण्यासाठी थोडा हिशेब उपयोगी पडेल. १००० किलोग्रॅम वजनाची मोटार ६०० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा तिने गमावलेली ऊर्जा सुमारे १९ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास पुरेल इतकी असते. खालचा गिअर टाकून उतरल्यास यातील मोठा हिस्सा इंजिन पेलते. मोटार न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचविल्याच्या समाधानात उतरणारा चालक तो सारा हिस्सा ब्रेकवर टाकतो. तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो, लायनरची पकड कमी होते, आणि ब्रेकचे तेल जुने असेल तर ते उकळून त्यात बुडबुडे होतात. डॉट ३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. हवेतील ओलावा शोषल्यानंतर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत ही गोष्ट विसरून चालत नाही.

पूर्वतयारी

हे काम घरी करण्यासारखे आहे. त्यास पाने, पकड, स्क्रूड्रायव्हर, रबरी हातोडी, जॅक, दोन मजबूत स्टँड, डोळ्यांस चष्मा व नाकास चांगला मास्क एवढे साहित्य पुरते. त्या विशिष्ट मोटारीची हस्तपुस्तिका मात्र जवळ असलीच पाहिजे, कारण पुढे येणारे काही आकडे मोटारीगणिक बदलतात.

जागा सपाट व टणक असावी. पुढील दोन्ही चाकांच्या मागेपुढे लाकडी ठोकळे लावावेत व पहिला गिअर टाकावा. हँडब्रेक या कामात सोडावा लागतो, हे ध्यानात ठेवावे. मोटारीला अडवून धरणारे नेहमीचे साधन त्या दिवशी रजेवर असते. चाकाचे नट मोटार उचलण्यापूर्वीच थोडे ढिले करून घ्यावेत. नंतर हस्तपुस्तिकेत दाखविलेल्या जागी जॅक लावून मोटार उचलावी आणि ताबडतोब स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर काम करणे हा जिवाशी खेळ आहे. गोव्यात घरोघरी उरलेले चिरे पडलेले असतात व तेच आधाराला घेण्याचा मोह होतो. भिंतीत शतकभर टिकणारा चिरा एका बिंदूवर आलेल्या भाराखाली अचानक फुटतो. मोटारीखाली चिरा, वीट किंवा सिमेंटचा पोकळ ठोकळा कधीही ठेवू नये.

ड्रम काढणे

काही मोटारींत ड्रम केवळ चाकाच्या बोल्टांवर बसलेला असून एखाद-दुसऱ्या लहान स्क्रूने धरलेला असतो. काहींत ड्रम व हब एकसंध असून आत बेअरिंग असते. अशा वेळी मध्यभागी असलेली टोपी, कॉटर पिन व मोठा नट काढावा लागतो. दुसऱ्या प्रकारात नट परत किती ताकदीने आवळावयाचा याचा आकडा हस्तपुस्तिकेतूनच घ्यावा आणि कॉटर पिन नवीच वापरावी. हा नट अंदाजाने आवळण्याचा धोका पत्करू नये. ज्याच्याजवळ मोजून आवळण्याचा पाना नाही त्याने तेवढे काम मिस्त्रीकडून करवून घेणे शहाणपणाचे.

ड्रम सहजासहजी निघेल अशी अपेक्षा ठेवू नये. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने त्याच्या मध्यभागी गंज धरतो, आणि झिजलेल्या ड्रमच्या काठाशी उरलेली कड शूंना अडकते. पाटीच्या मागील बाजूस रबरी बूच लावलेले छिद्र असल्यास त्यातून स्क्रूड्रायव्हर घालून दातेरी चाक उलटे फिरवावे, म्हणजे शू आत येतात. हँडब्रेकची केबलही तिच्या जुळणीच्या नटापाशी पुरती ढिली करावी. पुष्कळ ड्रमांना समोरासमोर आटे पाडलेली दोन छिद्रे असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट घालून दोन्ही आळीपाळीने थोडेथोडे आवळल्यास ड्रम सरळ बाहेर येतो. ड्रमच्या कडेवर लोखंडी हातोडीचे घाव घालू नयेत; बीड ठिसूळ असते व कडेला गेलेली चीर पुढे केव्हा उघडेल याचा नेम नाही.

ड्रम निघताच आत साचलेली काळसर भुकटी दिसते. ती तोंडाने फुंकणे किंवा पंपाच्या हवेने उडविणे ही आपल्याकडील फार जुनी व फार वाईट सवय आहे. ब्रेकच्या लायनरमध्ये दीर्घकाळ ॲस्बेस्टॉस वापरले जात असे, आणि त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात गेल्यास वर्षानुवर्षांनी कर्करोगासारखे विकार उद्भवतात. मोटारीत पूर्वी कोणते लायनर बसविले होते हे मालकाला बहुधा ठाऊक नसते. तेव्हा सर्वच भुकटी धोक्याची मानावी, साबणाच्या पाण्याने ती भिजवावी, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी व फडक्यासह प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाकावी. मुलांना त्या वेळी जवळ फिरकू देऊ नये. पेट्रोल किंवा रॉकेलने धुण्याचा विचारही करू नये. त्याने रबर फुगते व लायनर तेलकट होतो.

पाहणी आणि बदल

येथे घाई करू नये. लायनरची जाडी सर्वांत झिजलेल्या जागी मोजावी. हस्तपुस्तिकेतील मर्यादा प्रमाण मानावी. ती हाताशी नसेल तर अस्तर दीड मिलिमीटरवर आले की शू बदलावेत. रिव्हेटने बसविलेल्या लायनरमध्ये रिव्हेटची डोकी पृष्ठभागाजवळ आली असल्यास तेवढीही वाट पाहू नये, कारण ती डोकी ड्रम खरवडतात. ड्रमच्या आतील भिंतीवर खोल चरे, तडे किंवा अति उष्णतेचे निळसर डाग आहेत का ते पाहावे. ड्रमचा कमाल आतील व्यास बहुधा ड्रमवरच ओतीव अक्षरांत दिलेला असतो. त्यापलीकडे झिजलेला ड्रम वरून कितीही गुळगुळीत दिसला तरी मोडीतच काढला पाहिजे.

यानंतर व्हील-सिलिंडरच्या दोन्ही टोकांवरील रबरी टोप्यांची कड हलकेच उचलून पाहावी. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतो आहे. तेलाने भिजलेला लायनर सँडपेपरने घासून किंवा उन्हात वाळवून पुन्हा वापरण्याची क्लृप्ती सांगणारे लोक भेटतात. ती मुळीच मान्य करू नये. सिलिंडर बदलला की तेलवाहिनी उघडते, तीत हवा शिरते आणि ती काढण्यास दोन माणसे, नवे तेल व थोडा सराव लागतो. हा सराव नसलेल्याने येथे थांबून मिस्त्रीला बोलवावे.

सिलिंडर कोरडा असेल तर शू बदलण्यास हरकत नाही. एका वेळी एकाच चाकाचा ब्रेक उकलावा. दुसऱ्या बाजूचा न उकललेला ब्रेक हाच उत्तम नमुना असतो, मात्र तो आरशातील प्रतिमेसारखा उलटा असतो हे विसरू नये. हल्ली मोबाइलवर छायाचित्र घेण्याची सोय आहे. स्प्रिंगांना हात लावण्यापूर्वी तीन-चार कोनांतून छायाचित्रे घ्यावीत. कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात होती, हा प्रश्न काढताना क्षुल्लक वाटतो व बसविताना अर्धा दिवस खातो.

प्रथम शूंना पाटीशी धरून ठेवणाऱ्या पिना काढतात. पिनेचे डोके पाटीच्या मागून बोटाने दाबून धरावे आणि पकडीने समोरची वाटी नव्वद अंशांत फिरवावी. नंतर परतीच्या स्प्रिंगा. त्या ताणलेल्या असल्याने निसटून डोळ्याला लागू शकतात, चष्मा त्यासाठीच. शू सुटे झाल्यावर सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडू नयेत म्हणून त्यांवर जाड रबरबँड चढवावा, आणि घरातील कोणीही कुतूहलाने पेडल दाबणार नाही अशी तजवीज करावी. शेवटी मागच्या शूची तरफ केबलपासून मोकळी करावी.

नवे शू चारही एकदम बसवावेत. एकाच चाकाचे बदलल्यास ब्रेक लागताना मोटार एका बाजूला ओढते. जुना व नवा शू शेजारी ठेवून आकार, भोके व तरफेची जागा जुळते की नाही ते पाहावे. जुळणीच्या दांडीचे आटे साफ करून त्यांस किंचित वंगण द्यावे. दातेरी चाकाच्या पुष्कळ रचनांत डाव्या व उजव्या बाजूंचे आटे परस्परविरुद्ध असतात. दोन्ही दांड्यांची अदलाबदल झाली तर आपोआप जुळणी करणारे यंत्र शू जवळ आणण्याऐवजी दूर नेते. पाटीवर शू जेथे टेकून सरकतो त्या चकचकीत उंचवट्यांवर उष्णता सहन करणारे ग्रीस नखभर लावावे. त्याहून अधिक नको, आणि लायनरला तर ग्रीसचे बोटही लागता कामा नये. स्प्रिंगा फिक्या पडल्या असतील, सैल झाल्या असतील तर त्याही नव्या घ्याव्यात.

जुळणीचा क्रम

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हँडब्रेक धरत नाही अशी तक्रार घेऊन गेल्यास पुष्कळ ठिकाणी केबलचा नट दोन आटे आवळून मोटार परत दिली जाते. काम पाच मिनिटांत होते, पैसेही थोडे पडतात, आणि मालक समाधानाने घरी जातो. प्रत्यक्षात यामुळे दोष झाकला जातो, नव्हे वाढतो. केबल ताणलेली राहिल्याने आतील तरफ विश्रांतीच्या जागी परत येत नाही. ती शूला सतत थोडीशी ढकललेली राहते. अशा स्थितीत स्वयंचलित जुळणीचे यंत्र आपले काम नीट करू शकत नाही. शू झिजत जातात, पेडल खाली जात राहते, आणि हँडब्रेक मात्र काही काळ ठणठणीत वाटतो. काही वेळा लायनर ड्रमला सतत घासून तापतो.

म्हणून केबल ढिलीच ठेवून प्रथम शूंची जुळणी करावी. ड्रम बसवावा व पेडल दोन-तीनदा दाबून शू मध्यावर येऊ द्यावेत. दातेरी चाकाची रचना असल्यास, छिद्रातून ते फिरवीत चाक हाताने फिरेनासे होईपर्यंत शू बाहेर आणावेत. मग ते उलटे फिरवीत चाक मोकळे होईपर्यंत मागे घ्यावेत. पूर्ण फेऱ्यात कोठेतरी अगदी हलका, कागदावर कागद घासल्यासारखा आवाज राहिला तर चालतो. दोन्ही चाकांचा घट्टपणा सारखा असावा. स्वयंचलित जुळणीच्या मोटारींत काही ठिकाणी पेडल, तर काही ठिकाणी हँडब्रेक पुनःपुन्हा चालवून ही जागा साधली जाते. टक्-टक् असा बारीक आवाज थांबला की जुळणी पूर्ण झाली असे समजावे.

त्यानंतरच केबल. हँडब्रेक ओढताना दांड्याचे किती दाते वाजावेत हे हस्तपुस्तिकेत दिलेले असते. अनेक छोट्या मोटारींत ही संख्या पाच ते आठच्या दरम्यान असते. तितक्या दात्यांत दोन्ही मागील चाके घट्ट धरली जावीत, आणि हँडब्रेक पूर्ण सोडल्यावर दोन्ही पूर्ण मोकळी फिरावीत. यांपैकी दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची आहे आणि तीच बहुधा घेतली जात नाही. केबल आवळूनही दाते जास्त वाजत असतील तर दोष केबलच्या ताणात नसून शूंच्या जुळणीत किंवा गंजलेल्या केबलमध्ये आहे, असे समजून मागे जावे.

चाके चढवून, मोटार खाली घेतल्यावर चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. इंजिन सुरू करण्यापूर्वी पेडल अनेक वेळा दाबून ते उंच व कडक लागते याची खात्री करावी. पेडल स्पंजासारखे मऊ लागले तर मोटार जागची हलवू नये. पहिली चाचणी मोकळ्या, सपाट जागी चालण्याच्या वेगाने घ्यावी. मग हलक्या उतारावर. नवे लायनर ड्रमच्या आकाराशी एकरूप होण्यास साधारण दोन-तीनशे किलोमीटर लागतात, तोवर घाटाचा प्रवास टाळावा. पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून चाकाजवळ तळहात न्यावा. एक चाक दुसऱ्याहून लक्षणीय गरम असेल तर त्या बाजूचा शू घासतो आहे.

पावसाळ्यात मोटार आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये. ओलाव्याने लायनर ड्रमला चिकटतो आणि चतुर्थीसाठी गावी गेलेल्या कुटुंबाला परतल्यावर चाक फिरेनासे झालेले आढळते. सपाट जागी गिअर टाकून, चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक सोडून ठेवावा. चिकटलेला ब्रेक इंजिनाच्या जोराने ओढून सोडविण्याच्या प्रयत्नात लायनर शूपासून सुटून येऊ शकतो.

काम संपल्यावर तारीख, किलोमीटरचा आकडा, काढलेल्या लायनरची चारही जाग्यांवरील जाडी आणि हँडब्रेकचे दाते एवढे वहीत टिपून ठेवावे. पुढील तपासणी दहा हजार किलोमीटरवर किंवा वर्षाने, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करावी. त्या दिवशी हँडब्रेकचे दाते दोनाने वाढलेले दिसले तर केबलच्या नटाला हात न लावता प्रथम ड्रम उघडावा.